औषध नव्हे म्हणून न सांगितलेले : जर्दाळूच्या बियांचा अर्क आणि एक अनपेक्षित निदान

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ६७ वर्षांचा एक रुग्ण ठरलेल्या तारखेला सिस्टोस्कोपीसाठी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय तपासून घेण्यासाठी, रुग्णालयात आला. पूर्वी त्याला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला होता. उपचारानंतर रोग आटोक्यात आला होता आणि एरवी त्याची प्रकृती चांगली होती. शस्त्रक्रियेपूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी एकदा नव्हे तर अनेकदा झालेली होती. भूल दिल्यानंतर मात्र त्याच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी दिसू लागले आणि त्याचे कारण लगेच सापडेना. या रुग्णाची हकिगत २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णवृत्तांत छापणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जर्दाळूच्या बियांतील अमिग्डालिन या द्रव्याविषयी जे वाद गेली सत्तर वर्षे चालू आहेत, त्यांतले बहुतेक सगळे धागे या एका माणसाच्या गोष्टीत येऊन मिळतात, म्हणून ती सविस्तर पाहण्यासारखी आहे.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत आपल्याकडे घरोघरी पोचला, त्यामुळे त्यावरचा आकडा घसरला की पोटात कसा गोळा येतो हे सांगायला नको. शस्त्रक्रियागृहात असे झाले की भूलतज्ज्ञ आधी जवळची कारणे तपासतो: नळी जागेवर आहे ना, हवा दोन्ही फुप्फुसांत पोचते आहे ना, बोट गार पडलेले नाही ना. त्यात काही सापडले नाही तर शोध फुप्फुसांच्या आजारांकडे, हृदयाकडे आणि हिमोग्लोबिनमधील बिघाडाकडे सरकतो. या रुग्णाच्या बाबतीतही शस्त्रक्रियेनंतर असा पद्धतशीर शोध घेण्यात आला. तो योग्य दिशेला वळला, तो रुग्णाने स्वतः सांगितलेल्या एका माहितीमुळे. कर्करोग पुन्हा उलटू नये म्हणून तो गेली पाच वर्षे रोज जर्दाळूच्या बियांचा घरी केलेला अर्क दोन चमचे घेत होता, आणि त्याच्या जोडीला फळांच्या बियांपासून बनवलेल्या, बाजारात पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या तीन गोळ्याही घेत होता. हे घ्यायला त्याला कोणत्याही डॉक्टरने सांगितलेले नव्हते. रक्त तपासल्यावर त्यात सायनाइडचे प्रमाण स्वीकारार्ह पातळीच्या सुमारे २५ पट निघाले, आणि तो घेत असलेल्या पदार्थांच्या तपासणीवरून तो दिवसाला सुमारे १७.३२ मिलिग्रॅम सायनाइड पोटात घालत होता असा हिशेब मांडण्यात आला.

या आकड्यातील दशांशचिन्हापुढच्या दोन अंकांवर फार विसंबू नये, असे मला वाटते. घरी केलेल्या अर्काची ताकद बियांच्या जातीप्रमाणे, वाटण्याच्या पद्धतीप्रमाणे आणि बाटली किती दिवस उघडी होती त्याप्रमाणे बदलते. कालचा चमचा आणि आजचा चमचा सारखा असेलच असे नाही. आकड्याचा आवाका मात्र लक्षात घेण्याजोगा आहे, आणि तो समजण्यासाठी आधी त्या बीमध्ये नेमके काय असते ते पाहायला हवे.

सुकवलेला जर्दाळू आपल्याकडे आठळीसकट मिळतो. वरचा गर खाल्ल्यावर ती टणक आठळी दगडाने किंवा अडकित्त्याने फोडून आतली बदामासारखी बी खाणे, ही अनेकांच्या लहानपणीची आठवण असेल. ती बी बहुधा गोड असते, कारण खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या जाती तशाच निवडलेल्या असतात. लडाखमधील ज्या रक्त्से कार्पो जर्दाळूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याची बीसुद्धा पांढरट आणि गोड असते. कडू बियांच्या जाती वेगळ्या, आणि त्यांचा कडूपणा हाच अमिग्डालिनचा पुरावा असतो. रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३० साली हे द्रव्य प्रथम वेगळे केले ते कडू बदामापासून, आणि त्याचे नावही बदामाच्या ग्रीक नावावरूनच पडले. पुढे १८३७ साली लीबिख आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की बदामातच असलेल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) संयोगाने या द्रव्याचे तुकडे होतात आणि त्यातून साखर, कडू बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचेच एक रूप, बाहेर पडते. अख्ख्या बीमध्ये अमिग्डालिन आणि विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. बी चावली, कुटली किंवा पाण्यात वाटली की दोघांची गाठ पडते. कुरतडणाऱ्या प्राण्यापासून बी वाचवण्याची ही झाडाची व्यवस्था आहे. आणि घरी अर्क करणारा माणूस नेमके तेच करतो, जे करणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून ही व्यवस्था तयार झाली.

एक ग्रॅम अमिग्डालिन पूर्णपणे विघटित झाले तर त्यातून सुमारे ५९ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल मिळते. त्या हिशेबाने मेलबर्नच्या रुग्णाचे दिवसाचे १७ मिलिग्रॅम म्हणजे साधारण ०.३ ग्रॅम अमिग्डालिन होते. कर्करोगावरचा उपाय म्हणून जे डोस सुचवले जातात त्यांच्या तुलनेत हे थोडेच आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली एका दिवसात सुरक्षितपणे घेता येईल अशी सायनाइडची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे २० मायक्रोग्रॅम ठरवली. ७० किलो वजनाच्या माणसासाठी ती १.४ मिलिग्रॅम होते. म्हणजे हा रुग्ण तिच्या बारा पट घेत होता. सायनाइडचा प्राणघातक डोस दर किलोमागे ०.५ ते ३.५ मिलिग्रॅम मानला जातो, म्हणजे त्याच वजनाच्या माणसासाठी खालची मर्यादा ३५ मिलिग्रॅम. तो रोज त्या खालच्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंत जात होता, पाच वर्षे, आणि तरीही आपल्या पायांनी चालत रुग्णालयात आला.

हे कसे शक्य झाले याचे उत्तर यकृतात आहे. पेशींतील मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर असते आणि श्वासातून आलेला ऑक्सिजन शेवटी तेच वापरते; सायनाइड या विकरातील लोहाला जाऊन चिकटतो आणि पेशीला ऑक्सिजन उपलब्ध असूनही तो वापरता येत नाही. त्याच वेळी ऱ्होडनीज हे दुसरे विकर गंधकाचा अणू जोडून सायनाइडचे थायोसायनेटमध्ये रूपांतर करत असते आणि ते लघवीवाटे निघून जाते. विष एकदम मोठ्या प्रमाणात आले तर गंधकाचा साठा पुरत नाही आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. तेच विष थोडे थोडे, दिवसातून दोनतीन वेळा विभागून आले तर शरीर त्याची विल्हेवाट लावत राहते, मात्र रक्तातील पातळी कायमची चढलेली राहते. याची किंमत सावकाश वसूल होते. कडू कसाव्याच्या कंदांवर नीट प्रक्रिया न करता ते खाणाऱ्या आणि ज्यांच्या आहारात गंधकयुक्त प्रथिने कमी असतात अशा आफ्रिकेतील ग्रामीण लोकांमध्ये कोंझो नावाचा आजार होतो. त्यात पाय कायमचे लुळे पडतात. थायोसायनेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळू देत नाही, त्यामुळे गलगंड होऊ शकतो. दीर्घकाळच्या सायनाइडचा संबंध हातापायांच्या मज्जातंतूंच्या ऱ्हासाशी आणि दृष्टी क्षीण होण्याशीही आहे. (उपवासाचा साबुदाणा त्याच कसाव्यापासून होतो, पण कंद किसून, धुऊन, सत्त्व गाळून आणि भाजून घेण्यात ते विष निघून जाते, तेव्हा खिचडीला घाबरायचे कारण नाही.)

पाठ्यपुस्तकात सायनाइडच्या विषबाधेचे जे चित्र असते त्यात ऑक्सिमीटरचा आकडा घसरत नाही. पेशी ऑक्सिजन उचलत नसल्यामुळे नीलेतले रक्तही लालभडक राहते आणि रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढते. मेलबर्नच्या रुग्णात आधी नजरेत भरली ती ऑक्सिजनची कमतरता, आणि वृत्तांत लिहिणाऱ्यांनी शीर्षकातच या प्रकरणाला नेहमीपेक्षा वेगळे म्हटले आहे ते रास्तच आहे. एका रुग्णावरून या विसंगतीची पूर्ण उकल होत नाही. भूल दिली नसती, किंवा दिल्यावर तो आकडा कुणी सर्दी-खोकल्यावर ढकलून दिला असता, तर हे सायनाइड आणखी कित्येक वर्षे कुणाच्या ध्यानी आले नसते एवढे मात्र दिसते.

आता प्रश्न उरतो तो हा, की विचारी वयाचा एक माणूस पाच वर्षे हे का घेत राहिला. त्यासाठी कॅलिफोर्नियात जावे लागते. अमेरिकेतील अर्न्स्ट क्रेब्स पितापुत्रांनी विसाव्या शतकाच्या मध्यास लेट्रिल या नावाने हे द्रव्य कर्करोगावरचा उपाय म्हणून पुढे आणले. खरे तर लेट्रिल हे अमिग्डालिनशी नाते सांगणारे, प्रयोगशाळेत बनवायचे निराळे संयुग आहे. बाजारात मात्र त्या नावाखाली बहुधा अमिग्डालिनच विकले गेले. त्यामागची मूळ मांडणी सुबक होती. कर्करोगाच्या पेशींत अमिग्डालिन फोडणारे विकर भरपूर आणि सायनाइड निकामी करणारे ऱ्होडनीज कमी असते, म्हणून विष नेमके रोगट पेशींतच मोकळे होते आणि निरोगी पेशी वाचतात, असा दावा होता. मोजणी झाली तेव्हा दोन्ही प्रकारच्या पेशींत ते फोडणारे विकर नावापुरतेच आणि ऱ्होडनीज सारख्याच प्रमाणात आढळले. तोपर्यंत दुसरी मांडणी तयार होती: कर्करोग हा एका जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा विकार आहे, आणि ते जीवनसत्त्व म्हणजे बी-१७. अमिग्डालिन हे जीवनसत्त्व नाही. ते आहारात नसल्याने माणसाला कोणताही आजार होत नाही, आणि जीवनसत्त्वाची व्याख्याच मुळी त्या अटीवर उभी आहे. पण नावाची ताकद मोठी असते. औषध म्हटले की परवाना, चाचण्या आणि पुरावे मागितले जातात. जीवनसत्त्व म्हटले की ते पौष्टिक खाण्याच्या रांगेत जाऊन बसते. काराकोरम पर्वतरांगेतील हुंझा खोऱ्यातील लोक जर्दाळू खातात म्हणून त्यांना कर्करोग होत नाही, ही दंतकथाही त्याच काळात या प्रचाराला जोडली गेली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सत्तर हजारांहून अधिक लोकांनी लेट्रिल घेतल्याचे सांगितले जात होते आणि वीसहून अधिक राज्यांनी त्याला कायदेशीर मुभा दिली होती. १९७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, मरणासन्न रुग्णांच्या बाबतीतही औषध सुरक्षित आणि गुणकारी असण्याची अट शिथिल होत नाही, असा एकमताने निर्णय दिला. स्टीव्ह मॅक्वीन हा चित्रपट अभिनेता १९८० साली मेक्सिकोत जाऊन लेट्रिलसह इतर उपचार घेत होता; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. या उपायाची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने, मेयो क्लिनिक आणि इतर तीन केंद्रांत. चार्ल्स मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी १७८ रुग्णांना आधी शिरेतून आणि नंतर तोंडावाटे अमिग्डालिन दिले. त्याच्या पुरस्कर्त्यांनी सुचवलेला आहार आणि जीवनसत्त्वेही सोबत दिली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोग बरा होणे, थांबणे, लक्षणे कमी होणे किंवा आयुष्य वाढणे यांपैकी भरीव असे काहीही घडले नाही. काही रुग्णांत मात्र सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे दिसली किंवा रक्तातील पातळी प्राणघातक मर्यादेच्या जवळ गेली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि समर्थक अजूनही त्यावर बोट ठेवतात. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही; पण १७८ जणांतून एकालाच अंशतः प्रतिसाद मिळाल्याची नोंद होत असेल, तर तुलनागट नसल्यामुळे काय दडून राहिले असेल असा उलट प्रश्न विचारावा लागतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही लाभाचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही, आणि विशेषतः तोंडावाटे घेतल्यास धोका लाभापेक्षा जास्त आहे असा निष्कर्ष निघाला.

तोंडावाटे घेण्याचा मुद्दा मेलबर्नच्या प्रकरणात कळीचा आहे. शिरेतून दिलेले अमिग्डालिन बहुतांशी जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते, कारण रक्तात ते फोडणारे विकर जवळजवळ नसते. तेच द्रव्य पोटात गेले की आतड्यातील जिवाणू ते फोडतात. सोबत कुटलेली बी असेल तर तिचे स्वतःचे विकरही कामाला लागते. म्हणजे सुई नको, नैसर्गिक मार्गाने घेऊ, असे म्हणणारा माणूस त्यातल्या त्यात अधिक धोक्याचा रस्ता निवडतो. यात आणखी एक भर पडते ती जीवनसत्त्व क च्या मोठ्या डोसांची. ते घेतल्याने सायनाइड निकामी करण्यासाठी लागणारा गंधकयुक्त सिस्टीनचा साठा घटतो आणि अमिग्डालिनपासून सुटणारे सायनाइड वाढते, असे मानले जाते. २००५ साली नोंदवलेल्या एका प्रकरणात दिवसाला ४८०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क घेणाऱ्या, कर्करोग झालेल्या ६८ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला ३ ग्रॅम अमिग्डालिनच्या पहिल्याच डोसानंतर गंभीर विषबाधा झाली होती. अशा तीव्र विषबाधेवर हायड्रॉक्सोकोबालमिन शिरेतून देतात. ते सायनाइडला पकडून स्वतः जीवनसत्त्व बी-१२ होते आणि लघवीवाटे बाहेर पडते. ज्याला बी-१७ म्हणून विकले जाते त्याच्यावरचा उतारा हे खरोखरीच्या बी-१२ चे एक रूप असावे, हा योगायोग मला नेहमीच बोलका वाटत आला आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कच्च्या जर्दाळू बियांच्या किरकोळ विक्रीवर २०१५ साली बंदी आली. युरोपीय संघाने २०१७ साली थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या अशा बियांमध्ये दर किलोमागे २० मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्लाची मर्यादा घातली. कच्च्या बियांमध्ये ते ४९ पासून ४००० मिलिग्रॅमपर्यंत आढळलेले असल्यामुळे ही मर्यादा म्हणजे कडू बियांना जवळजवळ मज्जावच आहे. त्याच युरोपीय प्राधिकरणाच्या हिशेबाने मोठ्या माणसाने तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया, किंवा एका मोठ्या बीचा अर्ध्याहून थोडा कमी भाग खाल्ला तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि लहान मुलांच्या बाबतीत एक लहान बीसुद्धा पुरेशी आहे. भारतातही अन्नातील नैसर्गिक विषारी द्रव्यांच्या यादीत हायड्रोसायनिक आम्ल आहे आणि त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ५ अशी आहे. पण बंदी दुकानाच्या फडताळाला लागू होते, स्वयंपाकघरातील खलबत्त्याला नाही. शिवाय पाच वर्षांची सवय लागलेल्या माणसाला आठळ्या कुठून मिळवायच्या हे कुणी शिकवावे लागत नाही.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या वारंवार झालेल्या आणि काहीच हाती न लागलेल्या तपासण्या. शस्त्रक्रियेपूर्वी औषधांविषयी विचारले जाते, तेव्हा रुग्ण रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्त पातळ करणारी गोळी सांगतो. अर्क त्याच्या मनात त्या खान्यात नसतोच. आपल्याकडेही तेच घडते: औषध काहीच चालू नाही, असे ठामपणे सांगणाऱ्या माणसाच्या उशाशी काढ्याची बाटली, भस्माची पुडी आणि परदेशातून मुलाने पाठवलेल्या कॅप्सूल असतात, आणि तो खोटे बोलत नसतो. दुसरी एक गोष्टही असते. कर्करोगाच्या रुग्णाला अनुभवाने कळलेले असते की अशा गोष्टी सांगितल्या की डॉक्टरच्या कपाळावर आठी पडते, म्हणून तो सांगणे टाळतो. तेव्हा औषधांचा प्रश्न विचारून झाल्यावर, तब्येतीसाठी आणखी काय काय घेता, घरी काही करून घेता का, असे वेगळ्या शब्दांत आणि सहज सुरात विचारल्याखेरीज ही माहिती बाहेर येत नाही. या रुग्णाने ती सांगितली, हे त्याला विचारणाऱ्या डॉक्टरांचे श्रेय समजायला हवे.

त्यानंतर जे झाले ते मात्र कोणत्याही तपासणीने बदलण्यासारखे नव्हते. डॉक्टरांनी रक्ताचे आकडे त्याच्यासमोर ठेवले, अर्क आणि गोळ्या बंद करण्याचा सल्ला दिला, आणि त्याने तो नाकारला. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. या विषयावर त्याने स्वतः बरेच वाचलेले होते. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. कर्करोग झाला होता, अर्क सुरू केला, पाच वर्षे झाली, कर्करोग परतला नाही आणि तब्येतीची तक्रारही नाही. त्या पाच वर्षांतील आरोग्य आधी मिळालेल्या उपचारांचे फळ असू शकते, ही शक्यता या हिशेबात कुठे बसत नव्हती, आणि रक्तात पंचवीस पट सायनाइड असतानाही आपल्याला काहीच होत नाही याचा अर्थ त्याने आपले शरीर हे सोसते आहे असा लावला. वाढलेला आकडा त्याला धोक्याची खूण वाटली नाही. अर्क पोटात जाऊन काम करतो आहे, याचीच ती पावती त्याला वाटली असावी, असा माझा तर्क आहे.

अशा रुग्णाशी भांडून उपयोग नसतो आणि त्याला वाऱ्यावर सोडणेही बरोबर नाही. त्याच्या हातापायांची संवेदना, चालण्यातील तोल, नजर आणि थायरॉइड यांवर ठरावीक काळाने लक्ष ठेवता येते, जीवनसत्त्व क च्या मोठ्या गोळ्या याच्या जोडीला घेऊ नका एवढे तरी पटवता येते, नातवंडांच्या हाती ती बाटली लागणार नाही अशी व्यवस्था करायला सांगता येते. आणि पुढच्या सिस्टोस्कोपीच्या वेळी भूल देणाऱ्याच्या हाती जो कागद जाईल, त्यावर औषधांच्या रकान्यात जर्दाळूच्या बिया लिहिलेल्या असतील एवढे पाहता येते.